हसू उतरताना

माणूस हसत असताना मधू सर त्याच्याकडे बघत नसत. हसून झाल्यावर बघत. सगळं जग बरोबर याच्या उलट वागतं, त्यामुळे त्यांची ही खोड माझ्या ध्यानात यायलाच बराच काळ गेला.

पणदऱ्याजवळच्या आमच्या हायस्कुलात ते चित्रकलेचे मास्तर आणि मी पी.टी.चा. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये किस्सा सांगायचं काम माझ्याकडे असे. ते वेळापत्रकात लिहिलेलं नव्हतं, एवढंच. माझा सगळ्यात गाजलेला किस्सा म्हणजे, ऊस घेऊन कारखान्यावर निघालेल्या एका बैलाला कशी शिंक आली आणि त्या शिंकेसरशी गाडी, गाडीवान आणि मागून येणारे दोन ट्रॅक्टर उलटे चालत परत फडात कसे गेले. हे मी शपथेवर सांगत असे. शपथ सासऱ्यांची असे. मी उजवा हात वर करून, पाची बोटं फाकून बैलाची शिंक काढली की गणिताचे सर टेबल बडवत आणि हेडमास्तरांच्या नाकातून चहा येत असे.

मधू सर तेव्हा ग्लास हातात धरून खिडकीतून बाहेर बघत उभे. हसणं ओसरायला लागलं, कुणी डोळे पुसतंय, कुणी खोकतंय, कुणी गार झालेल्या चहाकडे बघतंय, की मग ते सावकाश वळायचे आणि एकेकाच्या तोंडावरून नजर फिरवायचे. धार काढून झाल्यावर म्हशीची कास चाचपून बघतात, तशी.

एकदा मी विचारलं, "काय बघता, सर?"

"उतरताना बघतो."

"काय उतरताना?"

"हसू. चढताना समद्यांचं सारखंच असतंय, पैलवान. उतरताना ज्याचं त्याचं."

मला ते पैलवान म्हणत. मी कधीकाळी एक कुस्ती निकाली केली होती. कोणाच्या बाजूने निकाली झाली, ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मधू सर स्वतः इतके बारीक की वाऱ्याच्या दिवसांत एम-एटीवरून येताना डिकीत विटा घालत, असं मी सांगत असे. खरं म्हणजे विटा नसत, रंगाचे डबे असत. पण वजनाच्या हिशेबानं बात एकच.

शाळेत ते बरणी आणि जास्वंद शिकवत, कारण परीक्षेला बरणी आणि जास्वंदच येते. दर्शनी भिंतीवर 'सदा आनंदी राहा' हे त्यांनीच रंगवलं होतं, आणि ते इतक्या वळणदार अक्षरांत, की वाचणारा निदान वाचून होईपर्यंत तरी आनंदी राहत असे. पण ही झाली पगाराची चित्रकला. खरी चित्रकला त्यांच्या गोठ्यात होती.

म्हशी विकून टाकल्यापासून गोठा रिकामा पडला होता. तिथं मधू सर चित्रं काढत, माणूसभर उंचीची. मी पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा "रामराम मंडळी" म्हणून मोकळा झालो होतो. मला वाटलं, बैठक चाललीय. डोळे सरावले तेव्हा दिसलं की मंडळी रंगवलेली आहेत. तुटलेल्या उसाच्या रानात लग्नाच्या मांडवातली प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस, आणि त्याचे पाय जमिनीपासून वीतभर वर. दुसऱ्या चित्रात उघड्या फ्रिजसमोर उभी असलेली बाई. फ्रिजचा सगळा उजेड तिच्या तोंडावर, आणि काय घ्यायला आलो होतो हे विसरलेला तिचा हात. स्वतःच्याच बंगल्याच्या फाटकापुढे किल्ली घेऊन उभा असलेला गृहस्थ. फाटक त्याच्या तिप्पट उंच. कुणी रडत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. पण त्या गोठ्यात माझ्यासारख्याचा आवाजसुद्धा खाली आला.

"सर, ह्यांना झालंय तरी काय?"

"काय न्हाय झालेलं. तेच झालंय."

"म्हणजे?"

"घरी समदं हाय. गाडी हाय, फ्रिज हाय, पोरगं पुण्यात नोकरीला हाय. डाक्टर म्हनतोय तब्येत झकास. मग छातीत हे काय हलतंय, असं माणसाला वाटतंय, आन् इचारायची सोय न्हाय. कुणाला इचारनार? समोरचा म्हनंल, तुला काय कमी हाय." मधू सरांनी ब्रश पुसला. "त्या माणसाची चित्रं हायेत ही."

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणत असू. त्या चहा घेऊन आल्या आणि चित्रांकडे न बघता म्हणाल्या, "म्हशी हुत्या तवा गोठ्यात निदान रवंथ तरी चालायचं. ही मानसं नुस्ती बघत्यात."

"तीबी रवंथच करत्यात," मधू सर म्हणाले. "आतल्या आत."

बारामतीत चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. गॉगल, हात जोडलेले, दात दिसणारे. लोक मधू सरांना म्हणत, असलं काहीतरी काढा, चार लोक ओळखतील. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "ती वाढदिवसाची चित्रं. मला वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीचा माणूस पायजे."

असा हा दुसऱ्या दिवशीचा चित्रकार. त्यांनी एकदा प्रदर्शन भरवलं, आणि तेही बारामतीतल्या एका मंगल कार्यालयात. मुहूर्त नसलेला दिवस होता म्हणून हॉल मिळाला. नवरा-नवरीच्या खुर्च्या स्टेजवर तशाच होत्या. चित्रं भिंतींना टेकवून ठेवली होती. दारात मी उभा होतो, येणाऱ्याला गुलाबपाणी मारत. ते सरांना पसंत नव्हतं, पण कार्यालयाची गुलाबदाणी हाताशी होती आणि मला रिकामं उभं राहता येत नाही.

माणसं आली. काही तर जेवण असेल म्हणून आली. आणि मग जे घडलं त्यात माझी एक मात्राही पदरची नाही. खुर्चीवरच्या माणसापुढे एक बियाणाचा दुकानदार थांबला. बघत राहिला, बघत राहिला, आणि मला म्हणाला, "आयला, हा तर आमचा चुलता. वाटणीच्या दिवशी असाच बसला हुता." संध्याकाळी त्याचा चुलता आला. त्याच चित्रापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "पुतण्याचं चित्र लावलंय व्हय माझ्या." फाटकापुढचा गृहस्थ बँकेतल्या साहेबांना त्यांच्या व्याह्यासारखा वाटला. फ्रिजपुढची बाई प्रत्येक बाईला आपली जाऊ वाटली. अख्ख्या हॉलमध्ये भावकी, शेजारी, व्याही, साडू सगळे सापडले. स्वतः कोणालाच सापडला नाही.

हॉल बंद करताना मधू सर पायरीवर बसले होते. मी म्हणालो, "सर, तालुका लोटला. सगळ्यांनी ओळखलं."

"शेजारी वळखले." त्यांनी चपलेची धूळ झटकली. "पैलवान, मला शाल नको, बक्षीस नको. येकानं, फकस्त येकानं चित्रापुढं उभं राहून म्हनावं, हा मी हाय. तेवढं ऐकलं की मी ब्रश धुऊन ठिवतो."

"आणि कुणीच नाही म्हणालं तर?"

"तर मग हे समदं माझ्याच डोक्यातलं हाय. माझ्या येकट्याच्या. मग मला दवाखान्यात न्या."

हे त्यांनी हसत सांगितलं. हसू उतरताना मात्र मला दिसलं नाही, कारण मी कुलूप लावत होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माळेगावचे एक आबा गोठ्यावर आले. चार ट्रॅक्टरचे धनी, बंगल्याचं काम काढलेलं. प्रदर्शनातला खुर्चीवरचा माणूस त्यांना हवा होता. मधू सरांनी काकूंची धुवट साडी फाडून चित्र गुंडाळून दिलं आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा शाळेत उशिरा आले. "आबा इतका वेळ उभे हुते चित्रापुढं," एवढंच मला दोनदा सांगितलं.

रविवारी आम्ही ते चित्र कसं लावलंय बघायला माळेगावला गेलो. बंगला अजून विटांतच होता. आमच्याकडे घराचं काम निघालं की आधी नजरेला काहीतरी लागतं: राक्षसाचं तोंड, काळी बाहुली, फाटकी चप्पल, कोहळा. आबांच्या दुसऱ्या मजल्यावर, बांबूच्या परांचीला, कोहळा आणि चपलेच्या मधोमध आमचा खुर्चीवरचा माणूस टांगला होता. वाऱ्यानं हळूहळू हलत होता. पाय तर त्याचे आधीच अधांतरी होते.

आबा खुशीत होते. "सर, राक्षसाला आता कोण भ्यात न्हाय. पोरं खेळत्यात त्याच्याशी. तुमचं चित्र मातूर नामी. रस्त्यानं जाणारा बंगल्याकडं बघतच न्हाय. चित्राकडं बघतो, गप होतो आन् पुढं जातो. नजर लागायला टायमच न्हाय."

मी मधू सरांकडे बघितलं. ते मान वर करून उभे होते. म्हणाले, "आबा, डावीकडं कललंय जरा. तेवढं सरळ करून घ्या."

परतताना एम-एटीच्या मागच्या सीटवरून मी ओरडलो, "सर, तुम्ही फक्त हो म्हणा. आत्ता चढतो आणि काढून आणतो." मला शिडीचीसुद्धा भीती वाटते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"नको. हॉलमधी लावलं असतं तर सोफ्याच्या वर लावलं असतं. मग समदे त्याच्याकडं पाठ करून चा प्याले असते. हितं निदान मान वर करावी लागती."

आबांच्या बंगल्यावर एकही मजूर पडला नाही. ही बातमी नीरेच्या पाण्यापेक्षा जोरात पसरली. बघता बघता मधू सरांच्या माणसांना मागणी आली. त्यांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. फाटकापुढचा गृहस्थ एका दवाखान्याच्या बांधकामावर चढला. फ्रिजपुढची बाई थेट इंदापूर तालुक्यात गेली, निमगाव केतकीच्या एका डाळिंबवाल्याच्या बागेत, पाखरं हाकायला. तिथला अनुभव डाळिंबवाल्यानं मला स्वतः सांगितला. बुजगावण्याला न जुमानणारी साळुंकी त्या बाईसमोर फांदीवर बसायची, मान तिरकी करायची, विचारात पडायची आणि डाळिंबाला चोच न लावता निघून जायची. पुढं पुढं तर पोपटांनी घरटी करणं सोडलं, असं तो म्हणाला. पोपटांचं त्यानं म्हटलं नव्हतं, ते मी लावलं. पण साळुंकी खरी.

"बघ," मधू सर म्हणाले, "साळुंकीनं वळखलं."

मग मी घर बांधायला काढलं. पाया भरला, विटा आल्या, आणि बायको म्हणाली, "नजरेला सरांचं एखादं चित्र आणा." मी गोठ्यावर गेलो. मधू सरांनी मला आत येऊ दिलं नाही. आतून गुंडाळलेलं एक चित्र आणून हातात दिलं. जणू कधीचं बांधून ठेवलं होतं.

"नवीन दिसतंय. कोण आहे?"

"टांग आधी."

बांधकामावर आणून त्याचं कापड सोडलं तेव्हा शंकर गवंडी शेजारी उभा होता. चित्रात एक आडदांड माणूस, उजवा हात वर, पाची बोटं फाकलेली. शंकर म्हणाला, "सर, तुमी हाय हे."

"मी कसा असेन? मी इतका काळा आहे का?"

"काळा न्हाय. पर हात तुमचाच हाय."

"हात कुणाचाही असतो," मी म्हणालो. "वर टांग."

चित्र वर चढलं आणि रस्त्यावरून जाणारा येणारा हाक घालायला लागला, "पी.टी. सरांना फासावर चढवलं का काय?" मी काय सोडतो. मी त्याचाच किस्सा केला. म्हटलं, चित्र मोर्च्यातल्या पुढाऱ्याचं आहे. म्हटलं, हात वर आहे कारण तो एस.टी. थांबवतोय, आणि खरोखर एकदा निमगावची एस.टी. थांबली. लोक हसायचे, मी हसायचो. हे दिवसा.

संध्याकाळी गवंडी गेले की भिंतींना पाणी मारायचं काम माझ्याकडे असे. पाणी मारताना किस्सा सांगता येत नाही. ऐकायला भिंत असते, आणि ती ओली असते. नळी धरून मी एका जागी उभा, आणि समोर वर तो. दुसरीकडे बघायला काही नव्हतं. तेव्हा मी ते चित्र बघितलं.

हात वर होता, शिंकेचा. पण तोंड शिंकेचं नव्हतं. ते शिंकेनंतरचं होतं. लोक हसून झालेत, आपापल्या चहाकडे वळलेत, आणि हाताला अजून कळलेलं नाही की किस्सा संपलाय. ओठ मिटत आलेले. डोळे मात्र एकेका माणसावरून फिरतायत, घाईनं. कुणी अजून हसतंय का, कुणी हसत नाही का, आता पुढे काय सांगायचं. एवढ्या मोठ्या देहाला तोलून धरणारे ते दोन डोळे बघितले आणि माझ्या हातातली नळी कुठल्या कुठे पाणी मारत राहिली. शंकर दुसऱ्या दिवशी म्हणाला, सिमेंटची चार पोती भिजली. मी सांगितलं, ढगफुटी झाली. फक्त आमच्याच प्लॉटवर.

मधू सरांनी मला कधी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. घर पूर्ण होईतो तो माणूस वर राहिला. उन्हानं त्याचा शर्ट विटला, पावसानं बोटांचे रंग खाली ओघळले.

वास्तुशांतीला अंगणात मांडव घातला होता. शाळेचा सगळा स्टाफ, भावकी, बायकोचं माहेर. मधू सर प्लास्टिकच्या खुर्चीवर जिलबीची प्लेट घेऊन बसले होते. तेव्हा ते निवृत्त झाले होते आणि तब्येतीनं आणखी उतरले होते. ब्रशही हातात ठरत नसे, काकूंनी सांगितलं. घर झालं की नजरेचं सगळं उतरवून कालव्यात सोडायचं, अशी रीत. शंकरनं कोहळा उतरवला, चप्पल उतरवली, मग चित्र घेऊन मांडवात आला.

"सर, हे सोडू का कालव्यात?"

गणिताचे सर ओरडले, "सोडा, सोडा. पी.टी. सरांना पोहता येत न्हाय, तेवढं बघा."

मांडव हसला. आता माझी पाळी होती. मी म्हणालो, "सोड रे शंकर. कालवा उलटा वाहिला आणि पाणी परत धरणात गेलं, तर मला बोलू नका." मांडव पुन्हा हसला, पहिल्यापेक्षा दुप्पट. सासरे तर खांबाला धरून हसले. मी हात वर केला होता. केव्हा केला, मला माहीत नाही.

मग हसणं ओसरायला लागलं. कुणी वाटीतल्या मठ्ठ्याकडे वळलं, कुणी पत्रावळीकडे. माझी नजर एकेकावरून फिरत गेली, आणि फिरत फिरत मधू सरांवर आली. ते चित्राकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

शंकर अजून उभा होता. "मग जाऊ का घेऊन?"

"थांब," मी म्हणालो. हात खाली घेतला. "मी आहे तो. आत ने."

आवाज फार मोठा नव्हता. गणिताच्या सरांना वाटलं पुढचा किस्सा सुरू झाला, आणि ते हसायच्या तयारीत पुढे सरकले. पुढे काहीच आलं नाही, तेव्हा त्यांनी जिलबी मागितली. मी शंकरच्या मागोमाग चित्र धरायला घरात गेलो. दाराच्या चौकटीतून ते आडवं करून न्यावं लागलं. बाहेर आलो तेव्हा मधू सर निघाले होते. काकूंनी त्यांचा हात धरला होता. माझ्या खांद्यावर थाप मारून ते म्हणाले, "सोफ्याच्या वर लावू नकोस."

"समोर लावतो."

"मग झालं."

त्यानंतर ते इंदापूरला लेकीकडे राहायला गेले. गोठ्यात आता एका ट्रॅक्टरवाल्याचे टायर असतात. इंदापूरला मी दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, "डोळे अजून तसंच फिरत्यात व्हय रं चित्रातले?" मी म्हणालो, तसेच फिरतात. दुसऱ्या वेळी ते फार बोलले नाहीत. काकूंनी सांगितलं, ब्रश धुऊन, फडक्यात बांधून कपाटात ठेवलेत. कुणी काढायला गेलं तर काढू देत नाहीत. मी शिंकेचा किस्सा सांगितला. तो त्यांनी खिडकीतून बाहेर बघत ऐकला.

त्यांच्या दहाव्याला इंदापुरात पाट मांडला होता. पाटावर हार घातलेला फोटो. सर फोटोत हसत होते, चांगले दात दिसेपर्यंत. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या स्वभावाला धरून मला आधी वाटलं, फोटो दुसऱ्याचा आहे.

"काकू, हा कधीचा?"

"तुमच्या वास्तुशांतीतला," काकू म्हणाल्या. "तुमी चित्र धरून आत गेलासा, तवा तुमच्या फोटोवाल्यानं काढला. सरांचा हसल्याला तेवढाच हाय."

मी फोटोकडे निरखून बघितलं. मागे मांडवाची झालर, मांडीवर जिलबीची प्लेट, आणि एका कोपऱ्यात घरात जाणारी माझी पाठ. लोक फुलं वाहून पुढं जात होते. मी बाजूला सरकून उभा राहिलो आणि हसू उतरायची वाट बघू लागलो. काकू दोनदा म्हणाल्या, पानं वाढल्यात, जेवून घ्या. मी म्हणालो, आलोच.

फोटोतलं हसू उतरत नाही. मी बराच वेळ थांबलो होतो.